तीनशे दहा ग्रॅम

मुनीरभाईंनी काचेवर तीन डोकी मांडली,
ट्रायपॉडची.
पहिलं जाडजूड, लांब दांड्याचं, आत तेल असलेलं.
"मक्खन चलता है, बाई."
बोट लावलं तर खरंच
झोपलेल्या बाळानं कूस बदलावी तसं वळलं.
पण वजन नऊशे.
नऊशे ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक बाटली पाणी,
आणि पाटोद्याच्या माळावर, मे महिन्यात,
मी पाणी सोडून डोकं नेणार नाही.

दुसरं प्लास्टिकचं, स्वस्त.
पेच कितीही आवळा, केसभर मान टाकायचंच,
चौथ्या तासाला मागच्या बाकावरचं पोर टाकतं तशी.
केसभर, म्हणजे इथं औरंगपुऱ्यात.
दीड किलोमीटरवर तोच केस
अख्खा लांडगा गिळतो.

तिसरं म्हणजे खोबणीत बसवलेला गोळा,
एक पेच, संपलं.
घाटीत आईचा खुबा बदलला तेव्हा
डॉक्टरांनी असाच गोळा तळहातावर ठेवून दाखवला होता.
आई त्यावर सात वर्षं चालली.
मी पेच पुन्हा पुन्हा सोडला, आवळला.

डब्यावर छापलं होतं दोनशे नव्वद.
मुनीरभाईंचा छापील आकड्यावर विश्वास नाही.
पोराला शेजारच्या सराफाकडे पिटाळलं,
पोर ओरडतच आलं, तीनशे दहा!
"बीस ग्राम झूठ," ते म्हणाले,
आणि दोनशे रुपये कमी केले.

दुर्बीण आजोबांची, पितळी.
बंदुकीआधी ते हिला डोळा लावत,
काळवीट कुठं उभं, वारा कुठून,
मग चालत सुटत.
पुढं बंदूक ठाण्यात जमा झाली.
दुर्बिणीची पावती मागायला कोणी आलं नाही.
बीडच्या लेथवाल्यानं तिला कडं करून दिलं,
विचारलं, कशाला?
म्हटलं, मोजायला.
काय मोजायला, हे त्यानं विचारलं नाही.

माळावर वारा.
हलकं डोकं थरथरतं, हे मुनीरभाई बोलले नव्हते.
ट्रायपॉडच्या मधल्या आकड्याला
पिशवीत धोंडे भरून टांगले,
घरी वाचवलेलं सगळं वजन
इथं फुकट मिळालं.
मग कुसळी गवत स्थिर झालं,
गवतामागची कपार,
कपारीत ती. आणि चार पिलं,
एकाच्या तोंडात कुणाची तरी चप्पल.

"काय बघायलाव, बाई?"
यसाजी हाटकर. मागं मेंढरं, खांद्यावर काठी.
मी सरकले. सरकायला नको होतं.
त्यानं फेटा मागं ढकलून डोळा लावला
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
मेंढरं पसरली, कुत्रं बसलं.
"कान फाटलाय तिचा," तो म्हणाला.
"पोळ्याच्या मागल्या दिसी माझं कोकरू हिनंच नेलं.
हीच व्हय."
आवाजात राग नव्हता,
गावातला माणूस बाजारात ओळखावा तसं काहीतरी होतं.
मग डोळा न काढता:
"ही कपार कुठली म्हणायची? खालच्या वड्याची का वरच्या?"

माझा हात पेचावर होता.
पाव फेरा. बस्स, पाव फेरा लागतो
या डोक्याला. मी दुकानात शंभरदा करून पाहिला होता.
दुर्बिणीनं मान टाकली,
त्याच्या डोळ्यात नुसती माती, दोन मुंगळे.

यसाजीनं डोळा काढला.
माझ्या हाताकडं बघितलं, पेचाकडं,
टांगलेल्या धोंड्यांच्या पिशवीकडं.
"लई हलकं हाय तुमचं डोकं," तो म्हणाला.
आणि मेंढरांना शीळ घालून निघाला,
वरच्या वड्याकडं.
कपार खालच्या वड्याची.

त्याला ठाऊक होतं की नाही,
हे मी अजून मोजते आहे.