साकळणं

सेंट्रिफ्यूज ओरोसला गेलंय दुरुस्तीला,
गेल्या शिमग्यापासून.
म्हणून शेंगटीचं रक्त
साध्या काचेच्या नळीत घेतलं, दोन मिली,
आणि मुठीत धरून बसले.
अंगाची ऊब लागते त्याला.

गुणाजी जुवाटकर आचऱ्याच्या दवाखान्याच्या दारातच,
पोटऱ्यांना खवलं चिकटलेली.
"नाकातसून रगात येता, बाय. थांबणा नाय."
हिरड्या मी आधीच पाहिल्या होत्या :
पेजेच्या निवळीसारख्या.
पोटाच्या उघड्या कातडीवर जांभळे डाग,
कुणी करवंदं चिरडावीत तसे.

माडावर उंदरांचं औषध ठेवलं होतं?
तो गप्प.
मग, "शेजाऱ्यान ठेवल्यान. वडी खाली पडली आसतली."

दर अर्ध्या मिनिटाला नळी तिरकी करायची.
रक्त काचेवरून सरकतं, परत येतं,
खाडीच्या पाण्यासारखं, कसलीच घाई नसलेलं.
पाच मिनिटं. नऊ.
तेरा.
प्रोथ्रॉम्बिन, थ्रॉम्बिन, फायब्रिनोजन, फायब्रिन :
परीक्षेत ओळीनं लिहिलं होतं मी,
दहापैकी नऊ.
तो एक गुण कुठे गेला, आज विचार करतेय.

"म्हणजे नेमक्या काय बिघाडला?"
भोक बुजवायला बिंबिका धावतायत, म्हटलं,
पण त्यांच्यावर जाळं विणलं जात नाही.
"सूत नाय?"
सूत आहे. गाठ बसत नाही.
त्यानं मान हलवली.
मला कॉलेजात दोन वर्षं लागली होती.

के जीवनसत्त्व द्यावं लागेल.
"लिंबू हाडू?"
ते क. हे के.
तो ओशाळला, मीही;
एका काान्यामात्रेवर कुत्री जगणार होती.

सर्वांत बारीक सुई, कातडीखाली.
भोकावर त्याचं बोट दाबून ठेवलं,
जाळ्याच्या दोरानं चिरलेलं, राठ बोट.
पंधरा मिनिटं. मग आणखी पंधरा.
बिंबिका म्हणजे हे, असं सांगायला हवं होतं,
पण सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा नळी, पुन्हा मूठ.
सहाव्या मिनिटाला तिरकी केली.
रक्त हललं नाही.
उलटी केली.
"सांडणा नाय!"
त्यानं ती माझ्या हातातून घेतली, खिडकीशी नेली.
मी सांगत होते : महिनाभर गोळ्या,
बांगड्याच्या तेलकट तुकडीतून, एकही चुकवायची नाही.
त्याचं लक्ष नव्हतं.
शेंगटी त्याच्या खिशाचा वास घेत होती.

दोघं गेल्यावर नळी टाकून द्यायची
तर आधी पुन्हा एकदा उलटी केली.
उगाच.