पंख्यातला दोर

पाच वाजता आत येऊ नका, असं पुस्तकात लिहिलं होतं.
आम्ही बरोबर पाचला आलो.
इंजिन बंद, पंख्यात कुणाचा तरी दोर,
आणि वारा इतकाच, की शिडाला जांभई फुटावी.

मागून ट्रॉलर आले, ओळीने, निळे, तांबडे, गंजके,
प्रत्येकाच्या डोक्यावर सीगलांचा स्वतःचा कालवा.
एकाने भोंगा दिला. दुसऱ्याने शिवी दिली असावी,
ब्रेतों भाषेत ती मंत्रासारखी वाटली.
तिसऱ्याने मात्र दोर फेकला
आणि मान न वळवता
आमच्या सत्तावीस फुटी अब्रूला ओढत
पोर-मेलेनच्या धक्क्याला आणून सोडलं.

सोआझिग वही घेऊन आली. आधी बोटीचं नाव, मग आमचं.
"किती दिवस?"
"दोर सुटेपर्यंत."
तिने लिहिलं: एक रात्र.

वर लिलाव चालला होता. पेट्यांमधल्या लांगुस्तीन,
कोळंबीच्या लांब नखांच्या मावसबहिणी,
बर्फावर नखं वाजवत होत्या,
शेजारच्या खोलीत कुणी विणत बसल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पाणी गेलं, पार गेलं.
बंदराने पोट उघडं केलं:
साखळ्या, टायर, एक सायकल, शेवाळ, डाव्या पायाचा बूट.
आमची बोट भिंतीला टेकून कण्यावर उभी,
दवाखान्यात कपडे उतरवायला सांगितल्यासारखी.
गुल्वेन चिखल तुडवत आला, सुरी घेऊन.
वाकला.
कापायच्या आधी थांबला.

निळा दोर, त्यात एक पांढरा पदर,
आणि मधे जोड. गाठ नव्हे, विणलेली जोड,
उलट्या अंगाने फिरलेली.
"डावखुरा," तो म्हणाला.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग भिंतीवर तोंड करून ओरडला,
"सोआझिग! रिवालचा दोर!"

रिवाल मेलेला नाही.
मी घाईने टोपी काढली होती, ती परत घातली.
रिवाल कँपेरच्या रस्त्यावर बस चालवतो.
सरकारने पैसे दिले, बोट मोडीत काढली
एका दुपारी, क्रेनने. सगळं गाव बघायला आलं
आणि कुणी कुणाकडे बघितलं नाही.
त्याआधीच्या वादळात त्याचे चाळीस पिंजरे गेले होते.
"तीन वर्षं झाली," गुल्वेन म्हणाला, "ते खाली अजून कामावर आहेत.
खेकडा शिरतो, मरतो, त्याच्या वासाने दुसरा शिरतो.
मालक तिकिटं फाडतोय,
पिंजऱ्यांना कुणी कळवलेलं नाही."

त्याने दोर कापला, जोडीला धक्का न लावता.
पैसे विचारले तर म्हणाला, "कशाचे? दोर आमचा."
वीतभर तुकडा विजारीवर पुसला आणि खिशात घातला.

चारच्या आत निघा, सोआझिगने बजावलं.
सव्वातीनला बोट तरंगली, पंखा फिरला,
आम्ही लाल दिव्यापाशी पोचलो
तेव्हा वरच्या वळणावर बस आली.
थांब्यावर एकच माणूस,
गुडघ्यापर्यंत चिखलाचा.
दार उघडलं. तो चढला नाही.
दार बंदही झालं नाही.
खिडक्यांतल्या बायका पुढे वाकून बघू लागल्या,
मागे एका मोटारीने भोंगा दिला,
मग दुसरीने.

तेवढ्यात वारा आला,
आणि आम्हाला शिडाकडे बघावं लागलं.