तीन दिवसांचं भाडं

दौलतगंजात, बांगड्यांच्या दुकानावर, दुसरा मजला.
जिना अरुंद, तेवढं फोनवरच सांगून टाकते.
बारा मशीन, पंधरा खुर्च्या, एक प्रोजेक्टर,
इन्व्हर्टर दोन तास ओढतो,
चहा दोनदा, तो भाड्यात धरलेला.
एसी आहे का म्हणाल, तर आहे.
चालतो का, हे मार्चपर्यंत कुणी विचारत नाही.

टॅलीच्या बॅचला इथे सकाळी सहापासून
पोरं जिन्यावर बसून राहायची.
आता ती सगळं मोबाईलवर शिकतात
आणि मी खोली देते. दिवसावर.

या वेळी मालनपूरची बिस्किट फॅक्टरी.
गोदामाच्या नोंदींचं नवं सॉफ्टवेअर,
अकरा माणसं, कंपनीची बस,
सगळ्यांच्या कपड्यांना व्हॅनिलाचा वास.
शिकवायला नोएडाहून तन्मय सर,
गळ्यात कंपनीचा पट्टा, बोलताना सारखं ‘समजा’.

समजा, ट्रक आला.
समजा, मैदा आहे.
काहीही वजन टाका आणि एंटर दाबा.

दहा जणांनी काहीही टाकलं.
कुणी शंभर, कुणी नऊ नऊ नऊ नऊ,
शिल्पी भदौरियानं स्वतःची जन्मतारीख.
सात नंबरच्या मशीनवर गेंदालाल नरवरिया
हात मांडीवर ठेवून बसलेले.
सव्वीस वर्षं ट्रक तोलतात.
वजनकाट्याला इकडे धर्मकाटा म्हणतात,
रोज म्हणून म्हणून त्यातला धर्म
ऐकू येईनासा झालेला.

‘ट्रक कुठाय?’ त्यांनी विचारलं.
‘प्रॅक्टिस आहे, अंकल.’
‘ते कळलं. पण ट्रक कुठाय?
झूठा तौल कैसे चढ़ा दें?’

खोली हसली.
मीही हसले, दारात, किटली हातात.
सरांनी त्यांना सोडून दिलं, पुढच्या स्लाइडवर गेले.

दुसऱ्या दिवशी गेंदालाल टाइप करत होते.
एका बोटानं. मध्येच मान वर करून
छताकडे बघायचे, परत एक अक्षर.
जमतंय बहुतेक, असं वाटून
मी विजेचं बिल भरायला निघून गेले.

तिसऱ्या दिवशी सर्टिफिकेटं, फोटो, गजकाचे डबे.
बस गेली.

करारातलं कलम नऊ:
मशीनवरची सर्व माहिती पुसून द्यावी.
बसले पुसायला. एक ते सहा,
हवेतला मैदा, हवेतली साखर, डिलीट.
सातवर हात थांबला.

खुर्ची, नग १४. पैकी डुगडुगती १.
पंखा ३.
ट्यूबलाइट ६, पेटती ४.
खिडकीची काच, तडा १, चिकटपट्टी लावलेला.
पाण्याचा जार १, अर्धा.
कप १२. कान तुटलेला १, मॅडम स्वतः घेतात.
एसी १. शेरा: बंद.
वजनाचा रकाना सगळीकडे रिकामा.
शेरा: काटा उपलब्ध नाही.

उठून खुर्च्या मोजल्या.
मग उलट्या बाजूनं, एकेकीला हात लावून.
चौदा.

पाच-सहा वर्षं प्रत्येक करारात
पंधरा लिहीत आलेय, खाली सही करत आलेय.
पंधरावी कधी गेली? उसनी दिली?
या जिन्यावरून खुर्ची उतरवायची
म्हणजे भिंतीला चार ठिकाणी लागते,
मला ऐकू कसं आलं नाही?

सात नंबर पुसायला अर्धा तास लागला.
पुसण्याआधी यादी पावतीपुस्तकाच्या
मागच्या पानावर उतरवून घेतली.
माहिती कंपनीची, खोली माझी,
कलम नऊ यावर काही बोलत नाही.

सोमवारी विम्यावाल्यांचा फोन. चाळीस एजंट, दोन बॅच.
बारा मशीन, म्हटलं, खुर्च्या चौदा,
त्यातली एक डुगडुगते.
एसी आहे, म्हणजे बंद आहे.

तिकडून थोडा वेळ काहीच आलं नाही.
मग म्हणाले,
‘मग भाड्याचं काही कमी होईल ना?’