पाणी कुठवर

तांबट आळीतले ठोके सातच्या सुमारास थांबले
की मला एक बाई बोलताना ऐकू येते.
अकराव्या वर्षापासून. तीच एक.
"दुधाकडे बघ," म्हणते. नाहीतर "थांब जरा."
कधी नुसतं माझं नाव, शाळेच्या पटावरचं, सबंध: पद्मावती.

आईनं एकदाच मीठमोहऱ्या ओवाळल्या.
"थोरली आत्या असेल तुझी, लवकर गेलेली,"
म्हणाली, आणि भाकरी उलटली.
मीही तेवढंच धरून राहिले.
सातपूरला सव्वीस वर्षं स्विच तपासले,
सदोष एकही पुढे जाऊ दिला नाही.
हे सांगायला हवं, कारण आता विश्रामचं येतं.

माझा चुलतभाऊ. त्याला ठोक्यांतच ऐकू यायचं.
अख्खी आळी हंडे ठोकत त्याच्याविषयी बोलायची:
आला, गेला, आला, बघा, आला.
त्यानं जेवण सोडलं, मग झोप,
मग खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली.
काकू म्हणाली, बाहेरचं आहे.
त्र्यंबकला नारायण नागबळी झाला,
तीन दिवस कोऱ्या धोतरात तो थरथरत बसला.
कोणी म्हणे अभ्यास डोक्यात गेला, कोणी म्हणे लग्न करा.
आठ महिने नुसत्या म्हणण्यात.

शेवटी मीच त्याला रिक्षानं गंगापूर रोडला नेलं.
वाटभर माझी बाई गप्प.
डॉक्टरबाईंनी त्याची झोप विचारली, आणि न राहवून
मी माझंही सांगून टाकलं.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
"त्रास होतो?"
"नाही."
"भीती?"
"एकदा. दूध खरंच उतू गेलं होतं."
हसल्या. चिठ्ठी त्याला दिली, मला नाही.

गोदेला पूर आला की नाशकात
पाणी आहे का, असं कोणी विचारत नाही.
दुतोंड्या मारुतीच्या कुठवर, विचारतात.
घोट्याला असलं तर पुलावर भजी खातात लोक.
छातीला लागलं की सराफ बाजार माल उचलतो.

विश्राम गोळी घेतो. तोंड कोरडं पडतं, पोट सुटलंय.
दुपारपर्यंत हातोडी धरतो.
काल विचारलं, ठोके बोलतात का रे अजून?
"बोलतात," म्हणाला,
"पण आता शेजारच्यांबद्दल."

आज दूध नासलं, आणि ती काहीच बोलली नव्हती.
रात्री मी उठून बसले, कान देऊन.
झोप येतेय का. एकच आहे ना अजून.
घोट्याला आहे.