काटे तपासणारा

एकतीस वर्षं मी कुशिरोच्या मासळीबाजारात
वजनकाटे तपासले.
खेकड्यांचे, रावसाएवढ्या सालमनचे, बर्फाच्या लाद्यांचे.
दहा ग्रॅमची खोट मला दिसायच्या आधी जाणवायची,
पारडं खाली येताना जरासं अडखळतं.
निवृत्त झालो तर कुणीतरी माझं नाव सुचवलं
कौटुंबिक न्यायालयात मध्यस्थ म्हणून.
बायको भांडी पुसता पुसता म्हणाली,
तुम्ही? घरात कधी सलग दोन वाक्यं ऐकलीत का?

खोली लहान. टेबलाशी मी आणि फुरुगोरीबाई,
आयुष्यभर सुईणपण केलेल्या.
नवऱ्याला एक प्रतीक्षालय, बायकोला दुसरं,
एक जिन्याच्या अलीकडे, एक पलीकडे,
एकाची सावलीसुद्धा दुसऱ्याला लागू नये म्हणून.
अर्धा तास तो बोलतो. मग अर्धा तास ती.
आणि आम्ही एकाचं वाक्य दुसऱ्याकडे नेतो
काठोकाठ भरलेल्या वाटीसारखं.
कधी कधी, बाई म्हणाल्या,
थोडं वाटेत सांडावंही लागतं.

पहिल्या दिवशी मी त्यांना कायदा विचारला.
त्यांनी चहा निवेपर्यंत सांगून संपवला:
लग्नानंतर जोडलेलं दोघांचं, पासबुक कुणाच्याही नावाचं असो.
लग्नाआधीचं ज्याचं त्याचं.
पोराच्या खर्चाचा तक्ता असतो,
उभ्या रेघेवर देणाऱ्याची कमाई, आडव्या रेघेवर घेणाऱ्याची,
जिथे गाठ पडते तो आकडा.
(आयुष्यात त्यांची पडली नाही, तक्त्यात पडते,
हे त्या म्हणाल्या नाहीत. मी म्हणालो, मनात.)
आणि पोर कुणाचं?
त्या थांबल्या.
कागदावर एकाच नावाची जागा आहे.

तेव्हा तसंच होतं. पुढे कायदा बदलला,
दोन नावं लिहिता येतात म्हणे आता.
तोवर माझे गुडघे गेले होते.

कुरामोची जोडपं आलं ते धुक्याच्या महिन्यात.
तो बोटीवरचा इंजिनवाला, ती शाळेच्या स्वयंपाकघरात.
मुलगा तेप्पेई, सहा वर्षांचा.
पैशांवर भांडले नाहीत. भांडले फ्रीजरवर.
दोन बैठका फ्रीजर!
मी सवयीनं त्याचं वजन विचारलं,
फुरुगोरीबाईंनी टेबलाखाली माझा पाय दाबला.

पाचव्या बैठकीत सगळं जुळलं.
मुलगा आईकडे. महिन्यातून एक रविवार बापाचा,
बोट किनाऱ्याला असेल तर.
फ्रीजर त्याचा, आतलं सगळं तिचं.
न्यायाधीश यायचे, कलमं वाचायची, संपलं.
तेवढ्यात मासुमी म्हणाली,
मी माहेरच्या आडनावावर जाणार. शिराइवा.
म्हणजे तोही शिराइवाच ना?

नाही, बाई म्हणाल्या. तुमचं आपोआप बदलतं,
त्याचं बापाच्याच नोंदीत राहतं.
वेगळा अर्ज करायचा. आठशे येनचं तिकीट.
हुकूम होईल, फार दिवस लागत नाहीत.

तोपर्यंत, ती म्हणाली,
त्याच्या गमबुटांवर काय लिहू?

कायद्यात याचं उत्तर नव्हतं.
मी जिना ओलांडून पलीकडच्या खोलीत गेलो,
नियमात बसत होतं का, मला अजून ठाऊक नाही.
तो टोपी हातात घेऊन बसला होता.
प्रश्न ऐकला. टोपीची कड एक पूर्ण फेरी फिरवली.
म्हणाला, लिहू दे काय ते.
नाहीतरी हिवाळ्यापर्यंत आखूडच होतील.

एवढंच वाक्य. हलकं.
जिन्यापाशी येईतो तळहातात घट्ट धरलं होतं,
दारात मात्र माझी जीभ
जराशी अडखळली,
आणि मासुमीनं मान वर केली,
जणू तिनंही उभ्या जन्मात
काटेच तपासले होते.