लव

पुंता आरेनासला वारा असा की
दोरीवर कपडे घालणं म्हणजे ते दान करणं.
ओयार्सूनचा पायजमा एकदा सामुद्रधुनी ओलांडून गेला,
असं ओयार्सून सांगतो,
आणि त्याला खोटं पाडायला
पलीकडून अजून कुणी आलेलं नाही.

म्हणून लाँड्री. म्हणून एर्सिलिया मान्सिया.
चार मशीन, तीन ड्रायर,
त्यातला एक कण्हतो.
दर फेरीनंतर ती जाळी उपसते
आणि तिच्यावरची लव सोलून काढते,
साय काढावी तशी, अखंड,
बोटाला उष्ण लागेपर्यंतच.

बावीस वर्षांची लव आहे तिच्याकडे,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत.
डब्यांवर रंग नाही लिहिलेले. लिहिलंय:
शाळा, मार्च.
खलाशांचे स्वेटर, वादळानंतर.
रात्रपाळीच्या दोन नर्सा.
ओयार्सून, लाल टॉवेल, फक्त एकदाच.

या लवेचं चित्र आहे मागच्या भिंतीभर.
डिंक नाही. पाण्याचा हात आणि तळव्याचा दाब.
सामुद्रधुनी, धक्का, पत्र्याची छपरं,
आणि आभाळ, जे तिला फुकटात पडलं,
कारण सगळ्या गावाचे कपडे एकत्र धुतले
की जो राखाडी निघतो
तोच इथे वर असतो, वर्षाचे दहा महिने.

मी विचारलं, यात मी कुठे?
तिने चष्मा कपाळावर सरकवला.
"तू महिन्यातून एकदा येतोस.
क्षितिजाजवळ ती रेघ दिसते? नाही दिसत?
तीच."

मग अग्निशमन दलाचा बाल्दोविनो आला, तपासणीला,
आणि भिंत बघून दारातच थांबला.
"बाई, ही भिंत नाही, काडेपेटी आहे."
पुरावा म्हणून त्याने चिमूटभर लव
बशीत ठेवली, लायटर टेकवला.
डोळ्याचं पातं लवायच्या आत
लव नव्हती.
बशीही तापली नाही.
खोलीत कुणी बोलेना. कण्हणारा ड्रायर तेवढा कण्हत होता.
"कुणाची होती?" बाल्दोविनोने विचारलं, जरा हळू.
एर्सिलियाने डबा फिरवून बघितला.
"तुमचीच. मंगळवारची चादर."

शनिवारी तो स्वतःच्या पैशाने
दोन लाल नळकांडी घेऊन आला,
चित्राच्या दोन्ही अंगांना टांगून गेला.
आता जहाजावरून उतरणारे प्रवासी
त्यांचेही फोटो काढतात.
एकाने तर फक्त त्यांचेच काढले,
आणि जाताना म्हणाला, लाल रंगाचं धाडस आवडलं.

दोमितिला वुकासोविच
दर पहिल्या गुरुवारी चार शर्ट आणते.
हिरवे, पुरुषी, मोठ्या मापाचे,
धुतलेले, इस्त्री केलेले, घडीत.
ते घालणारा माणूस सहा हिवाळे नाही.
एर्सिलिया काही विचारत नाही.
घडी मोडते, धुते, वाळवते, पूर्ण पैसे घेते,
सुट्टे मोजून परत देते.
कपडा झिजतो म्हणजे काय होतं
हे मला चाळिशीनंतर त्या बाकावर कळलं.
तो कुठे जात नाही.
थोडा थोडा जाळीवर येऊन बसतो.

धक्क्याच्या डाव्या अंगाला एक होडी आहे,
अख्ख्या भिंतीत तेवढीच हिरवी.
आधी नुसता तळ होता, मग कड आली,
मागच्या जूनमध्ये वल्ही.
शर्ट आता इतके विरलेत की
दोमितिलाने ते झटकले
तर त्यांच्यातून खिडकी दिसते,
खिडकीतला रस्ता, रस्त्यावरचं कुत्रं.
"अजून किती?" ती विचारते.
एर्सिलिया अंगठ्याने लव दाबत
पाठमोरीच म्हणते,
"शीड राहिलंय.
गुरुवारी या.
आणि हे बघा, कॉलर मात्र जोराने घासू नका."