आणि मंडळी

कॅसेटच्या कागदावर बारीक टायपात
शाहीर केरू वायदंडे,
ढोलकीवाल्याचं नाव, तुणतुण्यावाल्याचं नाव,
आणि शेवटी 'आणि मंडळी'.
त्या मंडळीतला डावीकडून दुसरा, तो मी.
झीलकरी.
शाहिराचा दम जिथं संपतो
तिथून पुढचा गळा.

गाणं तुम्ही ऐकलंय.
*बारा मजले चढली पाटी
खाली ऱ्हायली माय*
आणि मग चार मात्रा काहीच नाही.
मग ढोलकी.

चेंबूरला वरातीत बँजो पार्टी वाजवते ते,
शब्द नाहीत, नुसती चाल,
आणि त्या चार मात्रा आल्या की
नवरदेवाचे मित्र हात वर करून थिजतात,
घोडीसुद्धा थांबते म्हणे, सवयीनं.

दादरच्या सभागृहात मृणालिनी देवस्थळी
तानपुरा घेऊन गातात.
'ऱ्हायली'ची 'राहिली' झाली,
पाटी डोक्यावरून उतरून मस्तकी गेली.
पण गळा खरा आहे बाईंचा, खोटं कशाला बोलू.
चार मात्रांत डोळे मिटतात.
पहिल्या रांगेतले लोकही मिटतात.

एका शाळेच्या गॅदरिंगला पोरांनी
पुठ्ठ्याच्या काळ्या पाट्या धरल्या होत्या, वर खडूनं अ आ इ.
कुणालाच ठाऊक नव्हतं पाटी म्हणजे
वाळूची, खडीची, चुंबळीवरची.
केरू हसला असता.
त्याला सही येत नव्हती,
गाणी त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या अक्षरात पाहिली.

टॉवरच्या जाहिरातीत बाराचे बावन्न मजले केले.
माय गॅलरीत बसून चहा पिते,
खाली समुद्र.
पोचली बिचारी वर एकदाची.

गोवंडीच्या शहाबाजनं मात्र फोन केला.
त्याच्या रॅपमध्ये तेराव्या मजल्याची लिफ्ट बंद आहे
आणि म्हाडाचा माणूस येत नाही.
चाचा, म्हणाला, इथे गॅप का आहे?
इतक्या वर्षांत विचारणारा पहिला.
मी म्हटलं, रेंज जातेय रे.

ताडदेवचा स्टुडिओ, भिंतींना अंड्यांचे ट्रे.
मी रात्रपाळी करून थेट आलो होतो,
कानात साचे चालूच.
केरूनं 'माय' म्हणून हात खाली आणला,
तो माझ्यासाठी इशारा,
आणि उभ्या उभ्या माझा डोळा लागला होता.
बाकीचे माझ्या तोंडाकडे बघून उचलायचे.
कुणीच उचललं नाही.
चार मात्रा केरूनं वाट पाहिली.

टेप दुसरी नव्हती, तासाचं भाडं संपलेलं.
जिन्यात मी कान धरले तर म्हणाला,
राहू दे रं.
माय खाली ऱ्हायली तिथं
जी जी कोण म्हणतं?
हे त्याला सुचलं होतं
की मला घरी नीट झोप यावी म्हणून बोलला,
ते विचारायचं राहिलं.
एका प्रोफेसरांनी त्या चार मात्रांवर अकरा पानं लिहिलीत.

परवा नातजावई घेऊन गेला लोअर परळला.
गिरणी मी ओळखली ती चिमणीवरून;
खाली बार, उलटे टांगलेले ग्लास.
गिटार, ड्रम, आणि शेंबडं वाटावं इतकं तरुण पोरगं गाणारं.
बरं गात होतं. ऱ्हायली म्हणालं,
हात वरून खाली आणला,
कुठून शिकला देव जाणे,

आणि माझ्या तोंडून निघून गेलं
*जी जी रं जी जी*

जागेवर. सुरात.
बत्तीस वर्षं उशिरा.

पुढच्या टेबलावरची मुलगी वळली,
चिडून नाही, समजावून सांगावं तसं
तिनं ओठांवर बोट ठेवलं:
आजोबा, इथं शांत राहायचं असतं.